खांब्याचा वंश

कोंबड्याचा पाय हातात धरायचा आणि तो लढेल की पळेल ते सांगायचं, एवढी एकच विद्या मला येत होती. तिच्या जोरावर धारला एका सरदारांच्या कोंबडेखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी माझ्या नोकरीतल्या ‘गमतीदार आठवणी’ मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पुढचं लिहिणं गमतीचं नाही. ते छापायचं की नाही, हे संपादकांनी ठरवावं. मला मात्र ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या सरदारांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. घराणं देशावरचं. माळव्यात येऊन पिढ्या झाल्या, तरी सणवार, बोलणं आणि कोंबड्यांचा नाद तिकडचाच राहिला होता. आमच्याकडे असील जातीचे कोंबडे होते. उंच मान, आखूड पिसं, रुंद छाती आणि स्वभावाने अगदी माणसाळलेले. माणसाच्या मांडीवर झोपतील, पण दुसरा कोंबडा दिसला की मरेपर्यंत हटणार नाहीत. त्यांना सकाळी भिजवलेली बाजरी, थंडीत बदाम आणि तूप, आणि रोज गरम फडक्याने अंगाला शेक. झुंज चालू असताना मध्ये थांबून कोंबड्याच्या चोचीवर पाणी मारतात, म्हणून झुंजीच्या एका फेरीलाच आमच्यात ‘पाणी’ म्हणतात. आमचा कोंबडा सहा पाणी टिकला असं म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं.

मनावर गावचा एक धान्याचा व्यापारी एकदा आपला कोंबडा घेऊन आला होता. पैज लावायच्या आधी त्याने हिंमत यावी म्हणून कोंबड्याला अफू चारली. माळव्यात अफूला काय तोटा! कोंबडा रिंगणात उतरला, दोन पावलं चालला आणि आमच्या कोंबड्याच्या मानेवर मान टाकून झोपला. आमचा कोंबडा इतका गोंधळला की त्याने चोचसुद्धा मारली नाही. लोक हसून लोळायला लागले. व्यापारी मात्र हार मानायला तयार नाही. “अरे भिया, हार्यो नी है, सोई रियो है!” असं ओरडत त्याने पंचाचा अंगरखा धरला. शेवटी रावसाहेबांनीच निकाल दिला, “कोंबडा उठेपर्यंत झुंज तहकूब.” तो उठला दुसऱ्या दिवशी.

कचेरीतले एक कारकून होते. त्यांच्या घरी कोंबडीचं नावही काढत नसत. ते रोज कचेरी सुटल्यावर मागच्या फाटकाने यायचे, नाकाला उपरणं लावून उभे राहायचे आणि मला खुराकातल्या चुका सांगायचे. “बापूराव, या लाल्याला उष्णता झाली आहे. थंड काही द्या.” घरी जाऊन म्हणे ते स्नान करत आणि बायकोला देवळात गेलो होतो म्हणून सांगत. सांगितलेलं मात्र बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आता पायाचं सांगतो, कारण पुढचं सगळं पायावरच उभं आहे. कोंबड्याच्या गुडघ्यापासून पंज्यापर्यंतच्या हाडाला आम्ही नळी म्हणतो. लाथ बसते ती नळीच्या बळावर. पारखणारा माणूस अंगठा आणि पहिलं बोट यांच्या वेढ्यात नळी धरतो. बोटं एकमेकांवर चढली तर पाय बारीक. टोकाला टोक भिडलं तर कोंबडा चांगला. मध्ये फट राहिली, तर असा कोंबडा जन्मात एखादा हाताला लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाय थंड हवा. गरम पाय म्हणजे आत काहीतरी दुखतं आहे, असं आमच्या आधीचे लोक सांगत.

आणि तिसरी गोष्ट. दोन झुंजी मारल्याशिवाय कोंबडा माद्यांत सोडायचा नाही. हा आमच्या कामाचा कायदाच होता. दिसण्यावर भुलून वंश वाढवायचा नाही, आधी त्याला रिंगणात सिद्ध होऊ द्यायचं. किती शहाणपणाचा कायदा होता हे मला फार उशिरा कळलं.

एका पावसाळ्यात आमच्याकडची पिलं मोठी होत असताना त्यातल्या एका नराची नळी माझ्या बोटांत मावेना. वय लहान, पण पाय पुऱ्या कोंबड्याहून जाड. मधोमध फुगीर, वर-खाली जरा निमुळता, जणू लाकडाचा कोरलेला खांब. त्याचं नाव खांब्या पडलं. बघायला लोक यायला लागले. रावसाहेब स्वतः मांडी घालून खाली बसले आणि त्यांनी पाय चाचपला. “बापूराव, हा कोंबडा नाही, हत्ती आहे हत्ती!” आमचा माळवी पाणक्या तर त्याला रोज नमस्कार करायचा. “ईका पग तो देखो, भिया! जाणे मंदर को थंबो.” खांब्याच्या दोन भावांचेही पाय तसेच भरत होते. मी हवेत होतो. माझ्या हातून नवा वंश निघाला असं वाटत होतं.

पाय गरम होता. मला ते पहिल्याच दिवशी जाणवलं. जवान रक्त आहे, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही.

आता माझे दाजी. माझी थोरली बहीण आक्का देवासला दिली होती. तिचे यजमान म्हणजे माझे दाजी, तेही एका सरदारांच्या पदरी कोंबडेखान्याचेच काम बघत. देवासची गंमत ठाऊक असेलच. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. दाजींच्या समोरच, पलीकडच्या पातीत, हुसेनमियां नावाचे कोंबडेवाले राहत. दोघे धंद्यात वैरी आणि बाकी जिवलग. संध्याकाळी दोघे आपापल्या दारात बसून रस्त्यावरून गप्पा मारायचे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात.

दाजींच्या कोंबड्या हा त्यांचा प्राण होता. त्यांच्या आजोबांनी दक्षिणेतून आणलेला वंश, दुसरं रक्त न मिसळता जपलेला. पण फार वर्षं घरातल्या घरात जुळवलेलं रक्त विरळ होतं. पिलं किरकोळ निघायला लागली. लागोपाठच्या दसऱ्यांना दाजींचे कोंबडे हुसेनमियांच्या कोंबड्यांपुढे पडले. त्यांच्या सरदारांनी स्पष्ट सांगितलं, “आणखी एक दसरा बघतो. नाही जमलं तर कोंबडेखाना बंद.” दाजींना दुसरं काम येत नव्हतं. येत असतं तरी त्यांनी केलं नसतं.

आक्काने मला निरोप धाडला की यंदा भाऊबीजेला ये आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस, यांचं तोंड बघवत नाही. मी रावसाहेबांच्या पाया पडून खांब्या मागून घेतला. ते आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, “बहिणीसाठी मागतोस म्हणून देतो. त्याचे भाऊ आहेतच आपल्याकडे.”

भाऊबीजेला मी पाटावर बसलो, मांडीवर खांब्या. आक्काने ओवाळलं. निरांजनाच्या ज्योतीकडे खांब्या डोळे बारीक करून बघत होता. ओवाळणी म्हणून मी तो तिच्या पदरात ठेवला.

दाजी दारातून म्हणाले, “वा मेव्हणे! लोक बहिणीला लुगडं देतात, तुम्ही सवत दिलीत. आता मी रात्रंदिवस याच्यापाशी.”

“आधी काय माझ्यापाशी होतात?” आक्का म्हणाली.

मग दाजींनी पाय हातात घेतला. बोटांमधली फट त्यांनी दोनदा बघितली. डोळे भरून आले होते. “झुंजी मारल्यात?” त्यांनी विचारलं.

“अजून वय नाही. पण तुम्हाला वेळ कुठे आहे? सोडा तसाच. हा पाय काय खोटा आहे?” मी म्हणालो.

माझ्या शब्दावर दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडला. तरी ते सावध माणूस. त्यांनी खांब्या आधी बाजारातून आणलेल्या साध्या कोंबड्यांत सोडला, पिलं कशी येतात ते बघायला. आजोबांच्या वंशाच्या उरलेल्या कोंबड्या त्यांनी परसात बांबूच्या तट्ट्याच्या आड वेगळ्या ठेवल्या.

त्या थंडीत धारला खांब्याच्या भावांचं बिनसलं. पाय जाड होतच गेले, थांबेनात. नळ्या ओबडधोबड झाल्या, पलटणीतल्या गोऱ्याने बूट घालावेत तशा दिसू लागल्या. चाल ताठ झाली, गुडघा वाकेना. त्यांना दांडीवर बसता येईना, ते जमिनीवर एका कुशीला पडून राहत. तुरा पांढरा पडला. त्यातला एक मेला तेव्हा मी त्याला फडक्यात गुंडाळून महूच्या छावणीत नेलं. तिथे घोड्यांच्या डॉक्टराचे एक मराठी मदतनीस माझ्या ओळखीचे होते. त्यांनी नळी आडवी कापली. करवत चालेना. कोंबड्याचं हाड खरं म्हणजे पोकळ, आत मगज. इथे पोकळी नावालाही नव्हती. हाड बाहेरून वाढलं होतं तसंच आतूनही वाढून मगजाची जागा खाऊन बसलं होतं. सगळं दगडासारखं.

ते म्हणाले, “मगजात रक्त तयार होतं, बापूराव. याला जागाच राहिली नाही. हा हाडाचा कर्करोगच म्हणायचा. हाड आपली मर्यादा विसरलं.”

“कशाने?”

“ठाऊक नाही. पण या वंशातून पिलं घेऊ नका. आणि याच्याबरोबर जे राहिलेत त्यांच्यापासूनही नाही.”

मी धारला आलो आणि त्या वंशाची सगळी पाखरं गुपचूप मारली. मरी येणार होती, वेळीच ओळखली, असं रावसाहेबांना सांगितलं. बाकीचे कोंबडे वाचले म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर फेटा बांधला. मी तो बांधून घेतला.

देवासला मात्र काही कळवलं नाही. उद्या कळवू, परवा कळवू, प्रत्यक्ष जाऊनच सांगू, असं करत शिमगा आला. मी गेलो ते सांगायचं ठरवूनच. वाटेत शब्दही जुळवले होते.

दाजी वेशीपर्यंत सामोरे आले होते. “मेव्हणे, तुमच्या भाच्यांना भेटायला चला!” म्हणून हात धरून त्यांनी मला परसात नेलं. खांब्याची पिलं मोठी झाली होती. सगळ्या नरांच्या नळ्या जाड. दाजी एकेकाला उचलून माझ्या हातात देत होते आणि मी प्रत्येकाचा पाय धरत होतो. प्रत्येक पाय गरम. खांब्या कोपऱ्यात ताठ उभा होता. पाऊल उचलताना तो जरा थांबायचा. दाजी म्हणाले, “बघा कसा चालतो. दरबारात आल्यासारखा.”

हुसेनमियां पलीकडून ओरडले, “अरे भाई, ये पैर नहीं, मुगदल हैं! दसरे को मैं तो आता ही नहीं!” दाजी इतके मोकळेपणी हसले की आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला हळूच म्हणाली, “किती वर्षांनी असे हसले रे, बापू.”

मग दाजींनी मला तट्ट्यापाशी नेलं. आड त्यांच्या आजोबांच्या कोंबड्या होत्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “पिलं तर तुम्ही पाहिलीत. आता खांब्याला यांच्यात सोडावा म्हणतो. तुम्ही सांगाल तसं. सोडू?”

त्या कोंबड्या निरोगी होत्या. खांब्या आणि त्याची पिलं मारून टाकली असती तरी दाजींचा वंश त्या तट्ट्याआड वाचला असता. दसरा हातचा गेला असता, कदाचित नोकरी गेली असती, पण कोंबड्या राहिल्या असत्या. हे मला तेव्हाही दिसत होतं, आत्ता लिहिताना दिसतं आहे तितकंच स्वच्छ. नको म्हणालो असतो तर का नको ते सांगावं लागलं असतं. फेट्याचं सांगावं लागलं असतं. आणि माझ्या हाताला पाय कळतो, एवढीच माझी अब्रू होती.

मी म्हणालो, “सोडा.”

दाजींनी माझ्यासमोरच तट्ट्या बाजूला केला.

पावसाळ्यात सगळं कोसळलं. आधी खांब्या बसला तो उठला नाही. मग त्याची पहिली पिलं एकेक करून. तट्ट्याआडच्या कोंबड्यांची अंडी उबवून निघालेली पिलं उशिरा बिघडली, पण बिघडली. दाजींनी तेल चोळलं, शेक दिला, हळद लावली, जागरणं केली. शेवटी त्यांच्या मनाने घेतलं की हे हुसेनमियांनी केलं. नजर लावली, नाहीतर रस्त्यावरून दाण्यात काही मिसळून फेकलं. एका संध्याकाळी त्यांनी भर रस्त्यात उभं राहून त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलून घेतलं. हुसेनमियां एवढंच म्हणाले, “मेरी तरफ देख के बोल, भाई. तुझे सच में लगता है?” त्यानंतर त्यांनी आपलं दार लावून घेतलं. दाजींनी दारात बसणं सोडलं. हे सगळं आक्काने मला सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

दसऱ्याला दाजींच्या सरदारांकडून एकही कोंबडा रिंगणात उतरला नाही. हुकूम झाला की उरलेलं एकूण एक पाखरू मारून टाका. ते दाजींनी स्वतःच्या हाताने केलं, दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मग ते एका कापसाच्या जीनमध्ये फाटकावर बसायला लागले.

पुढे काही वर्षांनी महूचे ते मदतनीस मला भेटले. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. परदेशात कोंबडीच्या अंगातली गाठ वाटून तिचा रस मातीच्या अगदी बारीक गाळणीतून गाळतात. त्या गाळणीतून कुठलाही ज्ञात जंतू जात नाही. तरी तो नितळ रस दुसऱ्या कोंबडीला टोचला की तिलाही गाठ होते. काही गाठींत तर हाड तयार होतं. “म्हणजे त्यात काहीतरी आहे, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखालीही न दिसणारं. त्याला ते व्हायरस म्हणतात. शब्दाचा अर्थ विष एवढाच. तुमच्या कोंबड्यांचं तेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आई-बापाकडून अंड्यातून पिलात उतरत असेल, सोबतीने एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल, तर मला नवल वाटणार नाही.”

ते ऐकल्यावर मला गप्प राहवेना. हुसेनमियांचा दोष नव्हता, दाजींच्या हातांचा नव्हता, हे निदान त्या दोघांना कळायला हवं होतं. मी देवासला गेलो आणि जेवणं झाल्यावर दाजींना सगळं सांगितलं. पाय गरम होता ते, महूला कापलेलं हाड, फेटा. तट्ट्यापाशी ‘सोडा’ म्हणताना मला सगळं ठाऊक होतं, हेही. आक्का उंबऱ्यात बसून ऐकत होती.

दाजी रागावले नाहीत. ते गोंधळल्यासारखे दिसले. “अंड्यातून जातं?” त्यांनी विचारलं.

“असं ते म्हणतात.”

दाजींनी आक्काकडे पाहिलं. आक्काने मान खाली घातली. मग दाजी सावकाश म्हणाले, “मारायचा हुकूम झाला तेव्हा तट्ट्याआडच्या कोंबड्यांची अंडी होती. आजोबांचा वंश माझ्या हातून बुडू नये, म्हणून मी ती वाटली. ज्याच्यावर माझा जीव होता त्याला दिली. मनावरला माझ्या मावसभावाला. बाग गावाहून छापाचं कापड विकायला येतो त्या खत्र्याला, कोंड्यात घालून. डही गावाकडच्या एका भिलाला, त्याने माझी एकदा गाडी चिखलातून ओढून काढली होती. तुम्हालाच सांगणार होतो कधीतरी. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल. तुमच्या खांब्याचं रक्त कुठेतरी आहे म्हणून.”

सकाळी आम्ही दोघे बैलगाडीने निघालो. आधी मनावर. मावसभावाच्या कोंबड्या केव्हाच पाय आखडून मेल्या होत्या. त्यांच्या अंगणातून अंडी गावभर गेली होती आणि कोणाकडे, ते त्यांना आठवत नव्हतं. बागला खत्र्याने आमचं फार अगत्य केलं. नदीकाठी ओली कापडं वाळत घातली होती, त्यांच्यामधून कोंबड्या फिरत होत्या. “आपकी ही मेहरबानी है, भिया,” तो दाजींना म्हणाला, “सब पड़ोसियों के यहाँ यही नस्ल है अब.” दाजींनी त्याला या मारून टाका म्हणून सांगितलं. तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हा माणूस थट्टा करत नाही. त्याने दाजींच्या हातातला चहा मात्र काढून घेतला नाही, एवढीच त्याने भीड ठेवली. डहीच्या बाजूला त्या भिलाच्या कुडाच्या टापरीपर्यंत आम्ही पोचलो, तर त्याने आमचं बोलणं ऐकून बायकोला आत जायला सांगितलं आणि म्हणाला, “तूने ही दिया, तू ही मारने आया? जा, बाबा.” त्याच्या दारातली कोंबडी पाय ओढत होती. त्याचं काही चुकलं नाही. आमच्यासारख्या कपड्यातला माणूस त्याच्या दारात आजवर काही ना काही न्यायलाच आला होता.

परत येताना बैलांना पाणी पाजायला एका नाल्यावर थांबलो. ओंजळीने तोंड धुऊन, उपरण्याला पुसत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बापूराव, त्या दिवशी तट्ट्यापाशी तुम्ही नुसतं ‘नको’ म्हणाला असता, तर मी ‘का’ म्हणून विचारलंसुद्धा नसतं.”

ते खरं आहे. त्यांनी विचारलं नसतं.